आमच्या हॉलमधला मोडेम

आमच्या हॉलमधला मोडेम किंचाळायला लागला की वर भार्गवीला मार बसायचा, हे मला कळायला अख्खं वर्ष गेलं. कळलं त्या दिवशी मला माझ्याच घराची शिसारी आली.

दोन हजार दोन सालची गोष्ट. बंगळुरात, राजाजीनगरला आमचं दुमजली घर. खाली मी, अहल्या, आणि माझा नवरा चंद्रकांत. त्याचं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथचं वर्कशॉप. वर धाकटा दीर उमाकांत आणि त्याची बायको भार्गवी. भाऊ दोन, पण फोनची लाइन एक, आणि ती खाली. वर तिचंच एक जोड-कनेक्शन. उमाकांत सॉफ्टवेअरवाला, घराण्यातला एकुलता एक हुशार. त्यानं जुना कॉम्प्युटर आणि मोडेम आमच्या फोनशेजारी मांडला, खिडकीतून निळी वायर वर नेली आणि असा काही प्रोग्राम बसवला की वर त्यानं माऊस दाबला की खाली मोडेम आपोआप नंबर फिरवायचा. नेट दोन्ही मजल्यांना, पण लावायचं आणि तोडायचं फक्त त्याच्या हातात. बेळगावहून पाहुणे आले की चंद्रकांत त्यांना मोडेमसमोर उभं करायचा आणि जिन्यात ओरडायचा, "उमा, लाव की रे!" मग ते टूंऽऽ खर्रऽऽ सुरू झालं की पाहुण्यांनी हात जोडायचे तेवढे बाकी राहायचे.

नेट चालू असताना फोन उचलायचा नाही, हा घरचा नियम. उचलला की लाइन तुटायची आणि उमाकांतच्या कामाचा बोजवारा उडायचा म्हणे. त्यामुळे मोडेम ओरडला की आम्ही बोलणंही हळू करायचो. घरात पूजाच चाललीय जशी.

मग एकदा भार्गवीचा ओठ फाटलेला दिसला. "बाथरूममध्ये घसरले, अक्का." नंतर मनगट सुजलं. नंतर कानामागं काळंनिळं. माणसानं घसरायचं तरी किती! एकदा माझ्याजवळ घेवडा निवडत बसली होती, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "अक्का, तो आधी नेट लावतो, मग मारतो. मला आईला फोन करता येऊ नये म्हणून. काम बिम काही नसतं."

मी तडक चंद्रकांतला गाठलं. तो टीव्ही बघत होता. ऐकून दचकला नाही, की नजर वर केली नाही. "नवरा-बायकोचं आहे ते. तू स्वल्प गप्प बस," म्हणाला आणि त्यानं आवाज वाढवला. म्हणजे याला ठाऊक होतं! ज्याच्या ताटात मी रोज गरम भाकरी टाकत होते, त्याला सगळं ठाऊक होतं.

त्या रविवारी भार्गवीनं जेवताना नवऱ्याला सांगून टाकलं की ती संध्याकाळच्या बसनं धारवाडला आईकडे जाणार, आणि परत येणार नाही. तो हसला. हात धुऊन दोघं वर गेली. मी ताटं उचलत होते तोवर मोडेम किंचाळला.

पहिल्यांदा कपाटावर काहीतरी आदळलं. मग ती ओरडली. मग धप्प, धप्प, आणि तिच्या ओरडण्यातले शब्द गेले, नुसती घरघर राहिली. आज हा तिला जिवंत सोडत नाही, हे मला लख्ख कळलं. मी धावत वर गेले. दाराला आतून कडी.

"उमाकांत, दार उघड!"

"काम चाललंय, वहिनी," तो आतून म्हणाला. धापा टाकत.

मी खाली आले आणि रिसीव्हर उचलला. कानात खरखर झाली, लाइन तुटली. आता पोलिसांचा शंभर नंबर फिरवणार, इतक्यात मोडेमनं स्वतःच पुन्हा डायल केलं. मी पुन्हा तोडलं, वरून पुन्हा लागलं. एका हातानं बायकोला धरून दुसऱ्या हातानं माऊस दाबत होता मेला! आणि चंद्रकांत टीव्हीचा आवाज वाढवत होता.

मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, मोडेम भिंतीतून उपटला आणि फरशीवर ठेवून ठेचला.

वर दार धाडकन उघडलं. उमाकांत तीन-तीन पायऱ्या उतरत आला. बायकोच्या रक्तानं शर्ट माखलेला, आणि तोंडात काय, तर "माझा मोडेम!" त्यानं माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. चंद्रकांत "अरे, अरे" करत उभा. वरवंटा माझ्या हातात होताच. मी तो खालून त्याच्या नडगीवर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तो कोसळल्यावर दुसऱ्या पायावरही हाणला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर भार्गवी कठड्याला धरून उभी होती. एक डोळा मिटलेला, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. पण उभी होती. "अक्का," ती कशीबशी म्हणाली, "फोन."

मी नंबर फिरवला. पलीकडून "हलो, पोलीस" ऐकू आलं आणि चंद्रकांतनं बोट दाबून फोन तोडला.

"घराची अब्रू चव्हाट्यावर आणतेस? माझा भाऊ आहे तो!"

मी वाकून त्याचा हात दातांत धरला. तो गुरासारखा ओरडला, माझ्या पाठीत गुद्दे घालत राहिला. तोंडात रक्ताची चव आली तरी मी सोडलं नाही. तो मागं कोलमडला तेव्हा पुन्हा नंबर फिरवला.

या वेळी लागला. मी कन्नडमध्ये पत्ता सांगितला, पोरीला जिवे मारताहेत म्हटलं. पलीकडच्या माणसानं शांतपणे विचारलं, मारणारे किती जण?

उमाकांत जिन्याशी पाय धरून विव्हळत होता. चंद्रकांत मनगट आवळून त्याच्याशेजारी बसला होता. भार्गवीकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. तो खिडकीकडे बघत होता, शेजारी ऐकताहेत का म्हणून.

"इब्बरू," मी म्हटलं. "दोघं आहेत. दोघांनाही न्या."