यादीतलं पाचवं

माझ्या लॅपटॉपचं वायफाय तुटायचं ते नेमकं मी कामाला बसले की. एरवी तो शहाण्यासारखा वागायचा. स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून मी त्यावर तास तासभर गाणी ऐकली, तरी हूं नाही की चूं नाही. पण सासूबाईंच्या खोलीत नेऊन काम सुरू केलं, की दहा मिनिटांत कोपऱ्यातलं ते पंख्यासारखं चिन्ह राखाडी झालंच म्हणून समजा.

माझं काम म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं ऐकत ऐकत त्याच क्षणी टाइप करायचं. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना पडद्याच्या खालच्या बाजूला माझ्या ओळी दिसतात. चार वर्षं घरात काढल्यावर मिळालेलं हे पहिलं काम, आणि तेही महिनाभराच्या बोलीवर. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, लाइन दोनदा तुटली तर समजून घेऊ, तिसऱ्यांदा नाही. माझ्या दोन्ही वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच संपल्या. दुसऱ्या खेपेला तर वर्गातल्या मुलीने लिहून विचारलं होतं, "सर बोलायचे थांबले का?" सर बोलतच होते, मीच गायब झाले होते. तो प्रश्न मी नंतर वाचला आणि मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आज तीन वाजता त्याच मुलीचा रसायनशास्त्राचा तास होता. साडेबारा वाजून गेले होते आणि माझ्या हातात उपाय म्हणाल तर शून्य.

तुम्ही म्हणाल, मग त्या खोलीत बसताच कशाला? तर सासूबाईंची उजवी बाजू चार वर्षांपूर्वी गेली. डावा हात चालतो, बोलणं तुटक येतं, पण डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. भीती एकाच गोष्टीची. त्यांना कधीही ठसका लागतो, आणि लागला की लगेच उठवून पाठ थोपटावी लागते. म्हणून मी त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी टेबल टाकलं. नवरा म्हणाला होता, हॉलमध्ये बस ना, त्या खोलीत रेंज नाही. मी म्हटलं, आणि आईंना ठसका लागला तर तुझी रेंज येणार आहे का पाठ थोपटायला? तो गप्प बसला. आमच्याकडे तो गप्प बसला की मी जिंकले, असं मी धरून चालते.

करायचं ते सगळं करून झालं होतं. हेल्पलाइनवरच्या माणसाने राउटर बंद करून चालू करायला सांगितला, तो मी नऊ वेळा केला. दहाव्यांदा त्याने तेच सांगितलं तेव्हा मी त्याला विचारलं की तुम्ही घरी बायकोशीही असंच बोलता का, तर त्याने फोन ठेवला. लॅपटॉपला नेटवर्क विसरायला लावून पुन्हा ओळख करून दिली. वीज वाचवणारी सेटिंग काढून टाकली. राउटर चपलांच्या कपाटावरून फ्रिजवर गेला, फ्रिजवरून खिडकीत आला. फरक काडीचाही नाही.

शेवटी मी बोक्याला फोन लावला. बोका म्हणजे माझा मावसभाऊ. कचेऱ्यांमधून नेटवर्क बसवायचं काम करतो. लहानपणी दुधावरची साय चोरायचा म्हणून हे नाव पडलं आणि आता दोन मुलांचा बाप झाला तरी सुटलेलं नाही. तो म्हणाला, ताई, तुझा लॅपटॉप आजारी नाही, तुझ्या लाइनवर दुसरं कुणीतरी बसलंय. राउटरच्या बुडाला चिकटवलेला पत्ता आणि पासवर्ड त्याने मला वाचायला लावला, आणि राउटरचं स्वतःचं पान उघडून दिलं. त्या पानावर जोडलेल्या सगळ्या यंत्रांची यादी होती.

यादीत पाच नावं निघाली. लॅपटॉप माझा. फोन माझा. टीव्ही हॉलमधला. टॅब सासूबाईंचा, त्यावर त्या सिनेमे बघतात. पाचवं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे.

मला वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्याचा संशय आला. तो आमच्या दाराशी उभा राहून फोन बघतो, हे मी दोनदा पाहिलेलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. मनातल्या मनात त्याची घंटा वाजवून माझी दोन वाक्यं बोलूनही झाली होती. बोका म्हणाला, भांडायला मागाहून जा, आधी ते किती खातंय ते बघ. त्या नावापुढे दोन आकडे होते, एक घेतल्याचा, एक पाठवल्याचा. घेतल्याचा जवळजवळ काहीच नव्हता. पाठवल्याचा भराभर वाढत होता.

बोक्याचा आवाज बदलला. तो म्हणाला, "ताई, चोरून बघणारा माणूस घेतो. हे घेत नाहीये. हे तुमच्या घरातून काहीतरी बाहेर पाठवतंय."

मग त्याने मला लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात जायला सांगितलं. मी गेले. मिनिटाभरात आकडा जागीच थांबला. आता परत खोलीत जा म्हणाला. मी उंबरठा ओलांडून दोन पावलं टाकली आणि आकडा पुन्हा चढायला लागला. मी बाहेर आले, थांबला. आत गेले, चढला. तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तेच. भरदुपारी, स्वतःच्या घरात, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सासूबाई पलंगावरून माझ्याकडे बघत होत्या. सून वेडी झाली की काय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं.

"खोलीत वीज लागणारं काय काय आहे, एकेक सांग," बोका म्हणाला. "आणि एकेकाची पिन काढ."

टॅब मी बंदच करून टाकला. हवेच्या गादीचा पंप काढला, पाचवं नाव होतं तिथेच. पलंगाजवळचा दिवा काढला, तरी तिथेच. राहिलं भिंतीवरचं घड्याळ. काळ्या काचेचं, मोठ्या लाल आकड्यांचं, पलंगावरूनही दिसेल असं. चार महिन्यांपूर्वी नवऱ्याने ते स्वतः स्टुलावर चढून लावलं होतं. ताईने, म्हणजे माझ्या नणंदेने, आईसाठी पाठवलंय म्हणाला. मी त्याची पिन काढली, आकडे विझले. पान ताजं केलं. यादीत चार नावं राहिली.

मी बोक्याला म्हटलं, अरे, ते घड्याळ आहे, वेळ बघत असेल इंटरनेटवरून. मला तेच खरं असायला हवं होतं. तो म्हणाला, वेळ बघायला एवढं पाठवावं लागत नाही, ताई. फोनचा टॉर्च लाव आणि काचेवर तिरपा मार.

स्टुलावर चढून मी मारला. विझलेल्या आकड्यांच्या मधोमध, काळ्या काचेमागे, मोहरीएवढा एक ठिपका चमकला. मी घड्याळ हलवलं तसा तोही चमकत राहिला, माझ्याकडेच रोखून. मी स्टुलावरून खाली कशी उतरले ते मला आठवत नाही. जमिनीवर बसलेली होते एवढं आठवतं, आणि बोका फोनमधून ताई, ताई करत होता.

कुणी हालचाल केली की चित्रण सुरू होतं, त्याने समजावलं. आई एकट्या असल्या की ते झोपतं, तू आत आलीस की जागं होतं आणि सगळी लाइन स्वतःकडे ओढतं. म्हणून तुझा लॅपटॉप उपाशी मरतो. तू हॉलमध्ये बसली असतीस तर काहीच झालं नसतं.

मी मात्र वायफायच्या पार पुढे गेले होते. चार महिन्यांत त्या डोळ्याने काय काय बघितलं, ते माझ्यापुढे एकामागून एक येऊन उभं राहत होतं. रोज सकाळी मी याच पलंगावर सासूबाईंना पुसून काढते, कपडे बदलते, घड्याळाकडे तोंड करून. मी टेबलावर डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपते. त्यांना हसवायला नणंदेची हुबेहूब नक्कल करते. आणि ती एक दुपार. त्या दिवशी तीनदा अंथरूण बदलून झालं होतं आणि वर त्यांनी सूप माझ्या अंगावर थुंकलं. मी ओरडले. वाडगा असा आपटला की चमचा पलंगाखाली गेला. मग बाजूला जाऊन रडले. नशीब म्हणजे त्याच दिवशी नवरा डोकं दुखतंय म्हणून तासाभरात घरी आला, मला म्हणाला तू जा, पड जरा, आणि आईला त्याने स्वतः भरवलं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम कधी वाटलं नव्हतं.

नणंदेचा मला भयंकर संताप आला. लांब राहायचं, रविवारी फोनवर सूचना द्यायच्या आणि वर हेरही बसवायचा. मला विश्वासाने विचारलं असतं तर मी स्वतः खिळा ठोकून दिला असता.

सासूबाईंना सांगावं की नाही? पण त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. मी पलंगाच्या कडेला बसले आणि घड्याळ त्यांच्या पुढ्यात धरून सरळ सांगून टाकलं, आई, यात कॅमेरा आहे, ताईंनी लावलाय, आपण दिसतो त्यात. सकाळी पुसते तेसुद्धा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चांगल्या हाताने त्यांनी त्या काचेवर बोट टेकवलं आणि पटकन काढून घेतलं. बराच वेळ ओठ हलत राहिले, मग शब्द आले.

"मुलगीच... ना," त्या म्हणाल्या. "बाईमाणूस. जाऊ दे."

त्यांनी मान उशीवर टेकली. स्वतःची समजूत घालायला त्यांना तेवढंच हाताशी सापडलं होतं. मला ते पटलं नाही, पण त्यांच्याकडून तेवढं काढून घ्यायचा मला काय अधिकार?

तीनला पाच मिनिटं होती. घड्याळ टॉवेलात गुंडाळून मी कपाटात कोंबलं, फोन मुका करून पलंगावर टाकला आणि कामाला बसले.

सर बोलायला लागले. माझी बोटं धावायला लागली. दहा मिनिटं गेली, वीस गेली, माझा एक डोळा सतत त्या पंख्यावर. तो पांढरा तो पांढराच. पलंगावर फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. मी बघितलं नाही. पंचेचाळिसाव्या मिनिटाला सासूबाईंना ठसका लागला. मी एका हाताने त्यांना उठवून पाठ थोपटली आणि दुसऱ्या हाताने आम्ल, आम्लारी, क्षार टाइप करत राहिले. एकही ओळ सुटली नाही. तास संपला तेव्हा त्या मुलीने लिहिलं, आज सगळं कळलं. त्याखाली मॅडमचं आलं, उद्यापासून काम पक्कं धरा.

मला मोठ्याने हसायचं होतं. सासूबाईंना सांगायला मी वळले तोच दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

चार वाजून दोन मिनिटं झाली होती. नवरा सातच्या आत कधी येत नाही. तो बुटांसकट सरळ खोलीत आला. गळ्यात कचेरीचं ओळखपत्र लोंबत होतं, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्याने आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. त्याने पहिल्यांदा भिंतीकडे बघितलं, खिळ्याकडे.

मला एक क्षण काहीच कळलं नाही. मग ती दुपार आठवली. तासाभरात घरी आलेला तो, डोकं दुखतंय म्हणणारा. मी वाडगा आपटला तो त्याने कचेरीत बसून बघितला होता.  नणंदेसाठी जपून ठेवलेल्या शिव्या तोंडात तशाच राहिल्या, त्यातली एकही त्याला पुरी पडली नसती.

"फोन का उचलत नाहीस?" तो म्हणाला. "मला वाटलं आईला काही..."

"घड्याळ बंद पडलंय," मी म्हटलं, "हे तुला कचेरीत कसं कळलं?"

 या वेळी तो गप्प बसला तेव्हा मी जिंकले असं मला वाटलं नाही. खिळ्याकडेच बघत तो पुटपुटला, मला फक्त आई बरी आहे ना एवढंच बघायचं होतं. तू वाईट आहेस असं मला कधीच वाटलं नाही. ताईचं नाव घेतलं, कारण माझं घेतलं असतं तर तू लावू दिलं नसतंस.

मग तो आईजवळ जायला पलंगाकडे वळला.

सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. माझी नजर त्यांच्या चालत्या हातावर होती. तो हात सावकाश खाली गेला, चादरीची कड बोटांनी शोधली, आणि मुलगा अजून दोन पावलं लांब होता तोच त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.