आडोशाची लाज

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. मतदाराला आडोसा देण्यासाठी सॅक्सनीतल्या आमच्या गिरणीत मला विणले. इतके दाट, की पलीकडचा दिवासुद्धा दिसू नये. याचा मला कोण अभिमान होता!

पण तेव्हा आमच्या पूर्व जर्मनीत एकाच पक्षाचे राज्य होते. संसदेच्या निवडणुकीला उमेदवारांची यादीही एकच. लोक शाळेच्या सभागृहात यायचे, अधिकाऱ्याच्या टेबलावरून यादीचा कागद घ्यायचे, आणि न वाचताच घडी घालून पेटीत टाकायचे. मतदानाला आमच्याकडे 'घडी घालायला जाणे' असेच म्हणत. ज्याला एखादे नाव खोडायचे असेल, त्यालाच माझी गरज. म्हणून मला टेबलापासून दूर, पार कोपऱ्यात टांगले होते. माझ्याकडे कुणी फिरकत नसे.

एका वर्षी गिरणीतली विणकर रोझविथा केम्पे आपल्या मुलीला, सिल्केला घेऊन आली. यादीत गिरणीच्या संचालकाचे नाव होते. त्याने सोडलेल्या गिरणीच्या रंगीत पाण्याने गावचा ओढा नासला होता.

"आई, घाल घडी आणि चल ना," सिल्के कुजबुजली. "माझा डॉक्टरकीचा प्रवेश अजून ठरायचाय."

"एकच नाव खोडते गं. नाहीतर पडदा कशाला लावलाय?"

ती सभागृह ओलांडून निघाली, तेव्हा तिच्या बुटांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मी वेडा हरखून गेलो. तिला पुरते झाकून घेतले. तिने त्या नावावर सरळ रेघ ओढली.

ती बाहेर येताच टेबलामागचे निवडणूक अधिकारी नेस्टलर साहेब गोड हसले. "काय केम्पेबाई, आमच्यापासून काय लपवायचं होतं एवढं?"

सिल्केला प्रवेश मिळाला नाही. ती गिरणीत आईच्या शेजारच्या मागावर उभी राहिली. मी रेघ झाकली आणि बाई उघडी पाडली! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या निवडणुकीला दोघी पुन्हा आल्या. रोझविथाने माझ्याकडे पाहिलेही नाही. घडी घालून कागद पेटीत टाकला आणि म्हणाली, "बघा साहेब, किती पटकन झालं." सिल्के मात्र कागद धरून माझ्याकडे बघत राहिली. आईने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि त्याचीही घडी घातली.

मित्रांनो, आता मी शाळेच्या माळ्यावर कसरीच्या तोंडी आहे. मला धुऊ नका, झटकूही नका. फक्त असा पडदा कुठे दिसला, तर काम नसले तरी आत जा. नाक शिंकरा, बुटाची नाडी बांधा, नाहीतर नुसते उभे राहा. सगळेच आत जाऊन आले, तर जिला खरोखर जायचे आहे ती एकटी पडणार नाही.