एका बाजूने झिजलेली मूठ

मित्रांनो, माझी मूठ एकाच बाजूने झिजली आहे, कारण मी एका डावखुऱ्या माणसाचे जुने खुरपे आहे. लोहाराने मला गाडीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवले. माझे धनी परसात टोमॅटो लावत. तण काढणे हे माझे काम खरे, पण पाणी देण्याआधी ते माझ्या पात्याने वाफा बोटभर खोल उकरत आणि खालची माती मुठीत दाबत. पाणी निथळले तर थांबायचे, माती भुरभुरली तर पाणी द्यायचे. ओलसर गोळा होऊन तो बोटाच्या धक्क्याने फुटला, की ते म्हणत, "वाफसा आहे. मुळांना श्वास घेता येतोय."

एकदा भर दुपारी त्यांची मुलगी धावत आली. "बाबा, रोपांनी माना टाकल्यात."

"जेवण झालं की तूही टाकतेस. तुझ्यावर ओततो का मी बादली? ऊन उतरलं की उठतील ती."

मग धनी गेले. शेवटची रोपे त्यांनीच लावली होती. ती जगवायला मुलगी घरी राहिली. मी पडवीतल्या खिळ्यावर गंजत होते. ती रोज नळी सोडे, दुपारी माना पडल्या की पुन्हा सोडे. पाने पिवळी पडू लागली, तसे पाणी वाढले.

"अगं, पुरे," तिची आत्या म्हणाली. "पडसं होईल त्यांना."

"तहानलीत गं. बाबांची आहेत, वाळू कशी देऊ?"

मला सांगायचे होते. पण खुरप्याचे तोंड मातीत शिरण्यापुरतेच.

एका सकाळी, ऊन नसतानाही, रोपे मान टाकून उभी दिसली. वाफा पाण्याने चमकत होता. बाबा आधी माती पाहत, हे आठवून ती खिळ्याकडे वळली. तीही डावखुरी. झिजलेल्या खळग्यात तिची बोटे आपोआप बसली. तिने उकरले, माती दाबली. बोटांमधून पाणी गळले.

"बुडवत होते मी यांना," ती हळूच म्हणाली.

तिने नळ बंद केला. माझ्या पात्याने वाफ्याची कड फोडून पाणी काढून दिले. काही रोपे गेली, बाकीच्यांनी तग धरला. रोज ती माती दाबून पाही. अखेर गोळा झाला आणि बोट लावताच फुटला.

"वाफसा आला, बाबा."

तिने मला पदराने पुसले.

मित्रांनो, पाणी देण्याआधी माती हातात घेऊन पाहा. आणि जुने अवजार टाकून देण्याआधी त्याची मूठ एकदा धरून पाहा. तिथे कुणाची तरी बोटे उरलेली असतात.