बाबांचा भाव

बाबांना उचलल्याचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. दादाने हात धुतले, नीट पुसले आणि फोन स्पीकरवर टाकला. धंद्याचा फोन आमच्याकडे सगळ्यांनी ऐकायचा असतो.

पलीकडच्याने आकडा सांगितला.

"जास्त होतात," दादा म्हणाला.

"अरे, बाप आहे तुझा!"

"ते मान्य. पण वय बघा ना. शुगर आहे, गुडघे गेलेत."

आमचा गाद्यांचा कारखाना. कापूसवाला असो नाहीतर ट्रकवाला, भाव पाडल्याशिवाय दादाला अन्न गोड लागत नाही. बाबांनीच शिकवलंय. समोरचा आवाज चढवायला लागला की समजायचं, गडी आता उतरणार. वहिनी समोरून हाताने खुणा करत होती. अजून खाली, अजून.

पलीकडचा वैतागला. "घे, म्हाताऱ्याशीच बोल."

"थोरल्या, कितीवर आणलंस?" बाबांचा आवाज.

"अर्ध्यावर, बाबा."

"शाब्बास. सोडू नको."

मग फाडकन आवाज आला. कानाखाली वाजवल्याचा.

"देऊन टाक रे," बाबा म्हणाले. "सगळे देऊन टाक."

रडत होते. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं.

दादाने फोन म्यूट केला. "हात उचलला म्हणजे टेकीला आलेत. आता गप्प बसायचं. आपोआप उतरतील."

"दादा, मारतायत ते बाबांना!"

"तू मध्ये नाक खुपसू नको."

"मेले तर?"

दादाने फोनवरची मिनिटं बघितली. वहिनीने ताटातली वाटी उगाच सरळ केली. हा विचार दोघांचा आधीच करून झाला होता. मी फोन ओढला, म्यूट काढला आणि ओरडलो, "देतो! म्हणाल तेवढे देतो! हात लावू नका त्यांना!"

"घातलास घोळ," दादा म्हणाला.

संध्याकाळी पैसे पोचवले. गाडी दादाच चालवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा टॅक्सीने आले. कान सुजलेला, एक चप्पल गायब. सोफ्यावर बसले.

"मध्येच फोन गप्प झाला होता," ते म्हणाले. "काय ठरवत होतात?"

"रेंज गेली होती, बाबा," दादा म्हणाला.

वहिनीने ग्लास पुढे केला. "आधी पाणी घ्या, बाबा."

बाबांनी ग्लास तोंडापर्यंत नेला. थांबले. मग माझ्याकडे सरकवला.

"आधी तू पी."

मी प्यायलो. बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग उरलेलं त्यांनी संपवलं.