पर्समधला नमुना

आठवा नमुना नापास होऊन परत आला, तेव्हा पत्रिकावालीला राग आला नाही. रागावायलाही अंगात थोडी ताकद लागते.

नवरीला काऊबॉय थाटाची लग्नपत्रिका हवी होती. चामड्यासारखा खरबरीत जाड कागद, त्यावर गंजाचा तांबूस रंग, कडेने उठावात दोरीची नक्षी. पहिला नमुना तिला बघताक्षणीच आवडला. तो तिने पर्समध्ये टाकला आणि तीन आठवडे सगळ्यांना दाखवत फिरली. आता छापलेलं काहीच त्याच्याशी जुळेना. रंग जुळवायला म्हणून तिने आठव्याबरोबर तोही पाठवून दिला होता. आज दुपारी शेवटचं बघायचं, नाही जमलं तर काम दुसरीकडे, असं तिने कळवलं होतं. नोकरी सोडल्यावर पत्रिकावालीला मिळालेलं हे पहिलं काम.

छपाईवाले काका दर वेळी रंगात काळ्याचा थोडा थोडा अंश वाढवत होते.

"आता आणखी काळं घातलं तर पत्रिका लग्नाची राहणार नाही," ते म्हणाले.

पत्रिकावालीचं डोकं ठणकत होतं. गोळी शोधायला तिने खण उघडला आणि प्लास्टिकच्या पाकिटात पहिल्या नमुन्याचा जोडीदार सापडला. एकाच कागदातून कापलेले दोन तुकडे. एक नवरीला दिला, एक तारीख घालून ठेवला आणि विसरली. खिडकीपाशी तिने दोन्ही शेजारी धरले. पर्समधला चांगलाच गडद होता. त्याचे कोपरे कापडासारखे मऊ पडले होते, खरबरीतपणाचे उंचवटे चकाकत होते.

तिने खणातल्या तुकड्याचा एकच कोपरा अंगठ्याने चोळायला घेतला. दहा मिनिटं चोळला.

"काय शास्त्रज्ञ, कागदाला मालिश?" काकांनी विचारलं.

तिने कोपरा दाखवला. तो एका छटेने गडद झाला होता. काकांनी तो उजेडात धरून बघितला. मग हळूच म्हणाले, की सगळ्याच पत्रिकांवर तेलाचा हात फिरवू, नवरीला कळणारही नाही. तिला क्षणभर ते पटलंही, इतकी ती दमली होती. पण तेल आठवडाभरात कागदावर डाग बनून वर येतं, हे तिला माहीत होतं.

नवरी आली. पत्रिकावालीने दोन्ही तुकडे तिच्यापुढे ठेवले.

"इतके दिवस आम्ही तुमच्या हातांचा रंग छापायला बघत होतो. तो शाईत नाही मिळत."

नवरीने आधी एकावरून, मग दुसऱ्यावरून बोट फिरवलं. बाकीच्या पत्रिकाही अशा होतील का, तिने विचारलं.

"हाताळल्या तर होतील. पण लोक एकदा वाचतात आणि ठेवून देतात."

"मग पहिल्यासारख्याच छापा, ताई. ही माझी मी ठेवते." तिने जुना नमुना परत पर्समध्ये सारला.

इतक्या नमुन्यांचं काळं यंत्राच्या रुळांवरून पुसायला काकांनी चिंध्या काढल्या आणि पुटपुटत कामाला लागले. पत्रिकावाली खणापाशी गेली. गोळी अजून घ्यायचीच होती.