कवळीची निर्दोष सुटका

मित्रांनो, नाक मुरडण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या. मी एक जुनी कवळी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. वरच्या हिरडीवर बसते ती माझी बहीण. ती टाळूला चिकटून ऐटीत राहते. मी खालची. मला धड आधार नाही. एका बाजूने जीभ ढकलते, दुसऱ्या बाजूने गाल. सध्या मी डिलाईल रोडच्या एका चाळीत, खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत पाण्याखाली पडून असते. मला आता कोणी घालत नाही. असं का झालं, ते सांगते.

माझा जन्म दादरचा. सीताराम आजोबांच्या हिरडीचा ठसा एका मऊ गोळ्यात घेतला गेला. त्यावरून प्लास्टरचा साचा झाला, साच्यावर मेण आलं, मेणात दात रोवले गेले, आणि शेवटी मेणाची जागा या गुलाबी प्लास्टिकने घेतली. म्हणून आजोबांच्या हिरडीचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खळगा माझ्या पोटाशी उलटा उमटलेला आहे. त्यांना इतक्या जवळून दुसरं कोणीच ओळखत नसेल.

आजोबांचे स्वतःचे दात किडून गेले नव्हते. दात घासताना रक्त यायचं, हिरड्या सुजायच्या, मग दात हलू लागायचा. "वय झालं," असं म्हणत त्यांनी एकेक दात जाऊ दिला. हिरड्या त्यांना सांगत होत्या, पण हिरड्यांचं कोण ऐकतं?

दात गेल्याचं दुःख त्यांना खाण्यापेक्षा बोलण्यासाठी जास्त झालं. गिरणी बंद पडल्यापासून आजोबा आमच्या भागात बौद्धाचार्य म्हणून लग्नं लावतात. त्रिशरण, पंचशील त्यांनी म्हणायचं आणि मागोमाग सगळ्या मांडवाने म्हणायचं. शब्द स्वच्छ नको का? मी आले त्या दिवशी त्यांनी आरशासमोर उभं राहून सगळी वंदना पहिल्यापासून म्हटली. शब्द टाकसाळीतून पडल्यासारखे खणखणीत पडले. जाईबाई आजी शेगडीपाशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अवो, नवरदेव झाल्यागत वाटताय." आजोबा लाजले. मी तर फुलून गेले.

पुढची बरीच वर्षं माझी चैन होती. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने अंघोळ, हातातून निसटले तर फुटू नये म्हणून खाली टॉवेल अंथरलेला, झोपताना वाटीतलं गार पाणी. गरम पाण्याने कवळी वाकडी होते, हे कळल्यापासून आजोबा पाण्यात आधी बोट घालून बघायचे. पण मित्रांनो, ज्या हिरड्यांवर मी बसायची, त्यांना त्यांनी कधी ओल्या फडक्याने पुसलंसुद्धा नाही. "दातच नाहीत, मग दाताच्या डॉक्टरकडे कशाला जायचं?" असं ते म्हणत आणि ऐकणारे मान डोलावत.

आणखी एक गोष्ट होती. ती फक्त मला ठाऊक होती, निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

गिरणीत विडी ओढायला बंदी असायची. चहूकडे कापूस, एक ठिणगी पडली तर सगळं खाक. म्हणून मागांवर काम करणारी माणसं तंबाखूची चिमूट मळून गालात ठेवत. आजोबांनीही ठेवली. पुढे त्यांनी धम्माचं काम अंगावर घेतलं तेव्हा चाळीत सांगून टाकलं की, तंबाखू सुटली. लोकांना अभिमान वाटला. पण ती सुटली नव्हती. पुडी चष्म्याच्या घरात गेली, आणि चिमूट डाव्या बाजूला, माझ्या कडेशी, गाल आणि हिरडीच्या फटीत बसू लागली. पाचवं शील व्यसनापासून दूर राहण्याचं. ते हजारो लोकांना देणाऱ्या तोंडात मी त्या चिमटीशेजारी गप्प बसून असायची.

मग तो डाग आला.

नात दीपिकाचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या लग्नात आजोबाच पंचशील देणार होते. ती मोबाईलवर त्यांच्या सरावाचा व्हिडिओ काढत होती. सराव आटपून आजोबा आम्हा दोघी बहिणींना धुवायला लागले. बोळकं तोंड उघडून ते हसले आणि मोबाईलचा उजेड थेट आत गेला.

"आजोबा, थांबा. हे पांढरं काय आहे?"

"भाताचं शीत असंल."

"शीत नाहीये. पुसा बघू."

आजोबांनी बोटाने चोळलं. पांढरं गेलं नाही. दुखतही नव्हतं, आणि तेच वाईट झालं. दुखलं असतं तर ते त्याच दिवशी उठून गेले असते.

"कवळी बोचत असंल, दुसरं काय!" आजी म्हणाल्या. झालं. त्या क्षणी मी आरोपी ठरले.

शेजारचे राजाराम एके काळी गिरणीत फिटर होते. ते दारातूनच म्हणाले, "सीताराम, डॉक्टरला कशाला पैशे चारतोस? आण इकडं. गिरणीतल्या भल्या भल्या मशिनी सरळ केल्यात मी, ही तर बोटभर कवळी!" आणि त्यांनी कानस आणली. मित्रांनो, लोखंड घासायची कानस! माझी डावी कड त्यांनी खरवडून काढली. पांढरा-गुलाबी भुगा वर्तमानपत्रावर पडला. "जा, आता हापूस खा," म्हणून त्यांनी मला परत दिलं. त्यानंतर मी हलायला लागले. डाग होता तिथेच राहिला. उलट त्याच्या मधोमध लालसर ठिपका दिसू लागला.

दीपिकाने तो पुन्हा पाहिला आणि ऐकलं नाही. लग्न आठवड्यावर आलेलं, घरात पत्रिका आणि साड्यांचा पसारा, तरी ती आजोबांना लालबागला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांचं नाव सुरुची. त्यांनी मला बशीत ठेवलं, दिवा ओढला आणि हिरडी बोटाने हळूहळू चाचपली. मग मला उचलून माझी घासलेली कड बघितली.

"हे कोणी केलं?"

"मित्रानं. फिटर होता."

"त्यांना सांगा, मशीन वेगळं आणि माणूस वेगळं." त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "आजोबा, पुसला न जाणारा डाग असा सोडून द्यायचा नसतो. कवळी घासूनही असा डाग येतो, आणि दुसऱ्या कारणांनीही येतो. पंधरा दिवस ही कवळी अजिबात घालायची नाही. डाग गेला तर कवळीचा दोष. नाही गेला तर बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवू. तंबाखू खाता का?"

आजोबांनी तोंड उघडलं. त्याआधीच दीपिका म्हणाली, "छे हो डॉक्टर, कधीच सोडली त्यांनी. ते तर लोकांना पंचशील देतात!"

तिच्या आवाजात केवढा अभिमान होता. आजोबांनी तोंड मिटलं.

मी बशीत पडून सगळं ऐकत होते. मी आयुष्यभर तोंडात राहिले, पण एक शब्द माझा नाही.

घरी आल्यावर आजोबा खिडकीशी बसून राहिले. नातीच्या लग्नात नुसत्या वरच्या दातांनी उभं राहायचं? माटुंग्याचे व्याही, त्यांचे शिकलेले पाहुणे, आणि आपण पुटपुटायचं? एकदा त्यांनी मला वाटीतून उचललं, परत ठेवलं. मग सवयीने हात चष्म्याच्या घराकडे गेला. माझ्याशिवाय आता चिमूट थेट डागावर बसत होती. मी वाटीतून बघत होते. मला वाटीचा तळ फोडून ओरडावंसं वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी आजींनी मला डबीत घातलं आणि पर्समध्ये ठेवलं. "ऐनवेळी लागली तर," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यामुळे नायगावचा तो हॉल मी पाहिला नाही, फक्त ऐकला. खुर्च्यांची खरखर, "जय भीम, जय भीम" करत येणारी माणसं, एका बाळाचं रडणं. मग माईकवर आजोबांचा आवाज. मी नसलेला आवाज. 'स' विरघळत होता, शब्दांच्या कडा गेल्या होत्या. मागून कुणीतरी खुसखुसलं. पण सगळा हॉल त्यांच्या मागोमाग म्हणू लागला आणि त्या आवाजाने त्यांचे तुटके शब्द उचलून धरले. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं, चौथं.

पाचव्याला आजोबा थांबले.

हॉल वाट बघत राहिला. आजींना वाटलं, दातांशिवाय शब्द अडला. त्या पर्स घेऊन पुढे गेल्या. डबी उघडली तसा मला उजेड दिसला आणि आजोबांचं घामेजलेलं तोंड दिसलं. त्यांनी माईकवर हात ठेवला होता.

"घाला, पटकन," आजी कुजबुजल्या.

"दात नकोत, जाई. पाचवं मी कोणत्या तोंडानं देऊ? मीच खातो अजून."

"मग? मला काय ठावं नाही व्हय? उशीला वास येतो तुमच्या."

आजोबांनी माईक आणखी घट्ट झाकला.

"इतकी वर्षं लोकांना दिलंत," आजी म्हणाल्या. "आज स्वतः घ्या. म्हणा आता, पोर ताटकळलीय."

आजींनी डबी मिटली. मला पुन्हा अंधार झाला, आणि त्या अंधारात मी आजोबांचा आवाज ऐकला. शब्द अर्धेमुर्धे होते, पण ते सावकाश, एकेक म्हणत होते. देणाऱ्यासारखे नव्हे, मागोमाग म्हणणाऱ्यासारखे.

पंधरा दिवस झाल्यावर आम्ही पुन्हा लालबागला गेलो. दीपिका माटुंग्याहून थेट आली होती. दिवा लावण्याआधीच आजोबा म्हणाले, "डॉक्टर, त्या दिवशी माझी नात खोटं बोलली नाही. तिला माहीत नव्हतं. मी तंबाखू खात होतो. तिथंच ठेवायचो." दीपिकाचा चेहरा पडला. तरी तिने त्यांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

डॉक्टरांनी दिवा ओढून हिरडी पुन्हा चाचपली. मग म्हणाल्या, "डाग तसाच आहे. कवळीचा दोष नाही."

मित्रांनो, मी निर्दोष सुटले. कानस खाल्ली, आळ सोसला, हे शब्द ऐकायला मी तळमळले होते. आणि ऐकले तेव्हा वाटलं, दोष माझाच निघायला हवा होता. मला कचऱ्यात टाकून हे संपलं असतं तर किती बरं झालं असतं!

हिरडीचा तुकडा तपासायला गेला.  रिपोर्ट येईपर्यंत राजारामसुद्धा दारात येऊन नुसते उभे राहत आणि जात. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण हिरडीतले बदल त्याच वाटेवरचे होते. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाल्या. "पण वाट संपली असं समजू नका. तंबाखू बंद, आणि दर काही महिन्यांनी मला दाखवायचं." डाग कापून काढला. हिरडीचा आकार बदलला आणि मी त्या तोंडाला बसेनाशी झाले. आता तिथे नवी कवळी आहे.

दीपिका माहेरी आली की आधी मोबाईलचा उजेड पाडते. "आजोबा, आ करा." आजोबा आ करतात. आजीही आता स्वतःहून करतात. तरी अजून कधी कधी आजोबांचा हात चष्म्याच्या घराकडे जातो, रिकाम्या घरात बोटं चाचपडतात आणि परत येतात. त्या वेळी मला फार भीती वाटते.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला विनंती आहे. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आ करायला सांगा. दात असोत वा नसोत, सांगा. हिरडीवर पांढरा, लाल, काळा, पुसला न जाणारा डाग दिसला आणि तो पंधरा दिवसांत गेला नाही, तर कवळीला दोष देत बसू नका, कानस शोधू नका, डॉक्टरकडे न्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा आजोबांच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका. त्यांना बोलू द्या.

परवा आजोबांनी मला वाटीतून काढलं, पुसलं आणि उलटं धरून माझ्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. डाव्या कडेशी, कानस चालली होती त्याच्या जरा अलीकडे, ते बराच वेळ थांबले. तिथे त्यांची हिरडी अजून गुळगुळीत आहे, डाग येण्याच्या आधी होती तशी. ती आता फक्त माझ्यापाशी उरली आहे.

मग त्यांनी वाटीतलं पाणी बदललं. आधी बोट घालून बघितलं, गरम तर नाही ना.