कावळा न शिवलेलं पान

मी पाट बोलतोय. जव्हारच्या रानातला साग, कोपऱ्यांना पितळी फुलं. धोंडीबाईंच्या लग्नात सुताराने मला घडवलं. त्यांच्या नवऱ्याने जव्हारात घर बांधलं आणि मूलबाळ व्हायच्या आत तो वारला. घर धोंडीबाईंकडे आलं. सोबतीला धाकटा दीर धर्माजी राहिला. धर्म होता तो त्याच्या नावातच.

एका फाल्गुनात धर्माजीने वहिनीला नाशिकला गंगास्नानाला म्हणून गाडीत बसवून नेलं आणि आठ दिवसांनी तो एकटाच परतला. वहिनी पटकीने गेली, तिथेच अग्नी दिला, असं सांगून तो इतका रडला की त्याचं सांत्वन करताना लोक काही विचारायचं विसरले.

मग दर पितृपक्षात मला धुऊन मांडत. माझ्यावर बसून गुरुजी धोंडीबाईंच्या नावाने जेवत आणि मागून सगळी आळी खीर-वडे खाई. कावळा मात्र त्यांच्या पानाला शिवत नसे. "वहिनी, घर नीट सांभाळतोय," असं धर्माजी हात जोडून कौलांकडे बघत म्हणे. कावळा ऐकून घेई आणि उडून जाई. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करून पानाला लावत. बाईंचा जीव घरात अडकलाय असं ठरलं आणि त्यांच्या खोलीला कुलूप लागलं.

अशी बारा वर्षं गेली. मग धर्माजी वारला. त्याच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. त्याची कुठली इच्छा राहिली होती?

घर चुलत पुतण्या मधुकडे आलं. मधु संस्थानच्या दरबारात कारकून. एखादं काम बारा वर्षं अडलंय म्हणजे कुठेतरी काहीतरी दाबलंय, हे त्याला नोकरीने शिकवलं होतं. त्याने भाऊबंदांना विचारलं, गुरुजींना विचारलं. प्रत्येकाने बाईंची वेगळीच राहिलेली इच्छा सांगितली. अंगणात नाशिकच्या वाटेवरच्या पोशेऱ्याच्या आदिवासी पाड्यातली फागी पत्रावळी मोजत होती. दर श्राद्धाला पत्रावळी तीच आणायची. मधुने तिलाही विचारलं.

"कावला कसा शिवंल?" फागी म्हणाली. "बाय जिती हाय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मना कोनी इचारलाच नाय."

मग फागीने सांगितलं ते असं: धर्माजीने वाटेत तापाने फणफणलेल्या वहिनीला पोशेऱ्याच्या उतारावर झाडाखाली सोडलं होतं. फागीच्या भावाने, मंगळूने, त्यांना उचलून घरी नेलं. बऱ्या झाल्यावर धोंडीबाईंनी निरोप धाडला, तर धर्माजीचं उत्तर आलं, की मेलेली बाई परत आली तर गाव तिला भुताळी म्हणेल, मग माझा इलाज चालणार नाही. बाई तिथेच शेतात नागली लावत राहिल्या.

मधु गाडी काढायला उठला. बायको रखमी हळूच म्हणाली, आता कुठे घर आपलं झालंय, तुम्हाला विचारायला कोणी सांगितलं होतं? मेलेलं माणूस घरात घ्यायचा विधीच शास्त्रात नाही, असं गुरुजी म्हणाले. मधुने गाडी जुंपली.

सर्वपित्रीला तो धोंडीबाईंना घेऊन आला. दारात गर्दी होती. कोणीतरी "भुताळी" असं पुटपुटलं.

"असेल," मधु म्हणाला. "मग बारा वर्षं भुताळीची खीर कोणकोण जेवलं, तेवढं आधी सांगा."

गर्दी पांगली. धोंडीबाई आत आल्या. गुरुजींनी दरवर्षीसारखं मांडलेल्या पानाकडे त्यांनी बघितलं. "हे माझंच ना?" म्हणाल्या आणि माझ्यावर बसल्या. गुरुजी दर्भ धरून उभेच. बाई सगळं जेवल्या. खिरीत जायफळ जास्त झालंय, एवढंच बोलल्या.

घर पुन्हा त्यांचं झालं. मधु आणि रखमी त्यांच्याजवळच राहिले. नऊ वर्षांनी बाई खरोखर वारल्या तेव्हा गुरुजी म्हणाले, यांची बारा श्राद्धं आगाऊ झाली आहेत, तीच धरू.

रखमीने मला काढलं, धुतलं, आणि फागीला हाताला धरून माझ्यावर बसवलं. बाईंच्या नावाने पान वाढलं. फागी पदराने डोळे पुसत जेवली.

तेव्हापासून गुरुजी माझ्यावर बसत नाहीत. फागी बसली म्हणून मी विटाळलो म्हणे. हल्ली मी मागच्या पडवीत असतो, एक पाय डुगडुगतो. गोमूत्र शिंपडून मला पुन्हा देवघरात घ्यावं, असं भाऊबंद अधूनमधून सुचवतात. माझी एकच विनंती आहे. मला शुद्ध करू नका.